सूप, इरलं आणि नेपाळी झोका : आमची वाटचाल

आमचं वर्कशॉप लांज्याच्या अलीकडे हायवे सोडून आत आहे, रोडवरून दिसत नाही, येणारी लोकं विचारत विचारतच येतात. आम्ही बांबूचं काम करतो. हट, कुंपण, खुर्च्या, लाइटच्या शेड, आणि आता परत सुपं नि तांदूळ धुवायच्या रोवळ्या सुद्धा. ह्या "परत" मागे एक गोष्ट आहे आणि खरं तर तीच सांगायला बसलेय, बाकीचं वाटेत येईल तसं.

लग्न होऊन आले तेव्हा सासरी विणायचंच काम होतं. सासूबाई पहाटे उठून पडवीत बांबूच्या कामट्या, म्हणजे विणायच्या पातळ पट्ट्या, काढायला बसायच्या, आणि आम्ही उठेपर्यंत त्यांच्या बाजूला हा ढीग. वर्षाचं गणित ठरलेलं. पावसाच्या तोंडावर इरली, म्हणजे शेतात डोक्यावर घ्यायची बांबू-पानांची छपरं, भात झोडायच्या वेळी सुपं आणि टोपल्या, आणि सगळ्यात जास्त खप भाद्रपदात, कारण गौरीच्या ओवशाला नव्या सुनेला सुपं लागतात आणि तिथे कोणी प्लास्टिकचं सूप चालवून घेत नाही. बाकी मात्र सगळं प्लास्टिकने खाल्लं. इरली तर माझ्या डोळ्यादेखत बंद झाली, बायका प्लास्टिकचा कागद डोक्यावर घेऊन लावणीला जायला लागल्या. सासूबाईंनी शेवटचं इरलं केलं ते माळ्यावर नुसतं पडून होतं.

ह्यांनी कुडाळला बांबूचं ट्रेनिंग घेतलं आणि 2012 ला आम्ही फर्म काढली, हे, मी आणि माझा धाकटा दीर. तेव्हा आमच्या डोक्यात एकच होतं की सुपाटोपल्यातून बाहेर पडायचं. रिसॉर्टवाले हट मागत होते, आणि आमच्याकडचा माणगा जातीचा बांबू त्याला एक नंबर, जवळजवळ भरीव, काटे नाहीत, सरळ वाढतो, स्क्रू धरतो. पहिली मोठी ऑर्डर समुद्राजवळची मिळाली आणि आम्ही घाईत भर पावसाळ्यात बांबू तोडला, ट्रीटमेंट पण धड केली नाही. सासूबाई सांगत होत्या, तीन वर्षं झालेलीच काठी घ्या, दिवाळी होऊ दे, अंधारा पक्ष बघा. आम्हाला वाटलं जुनी माणसं बोलायचीच. सहा महिन्यांत फोन आला की गादीवर पिठासारखी पूड पडतेय. काठीत पिष्ट असतं, भुंग्याला तेच खायला हवं असतं, म्हणून तो आत शिरतो. सगळं आमच्या खर्चाने बदलून दिलं, त्याचं कर्ज फेडायला दोन वर्षं गेली. मग काठ्या भिजवायला बोरिक आणि बोरॅक्सची टाकी बांधली आणि सासूबाईंचं कॅलेंडर पण पाळायला लागलो. आजपर्यंत परत पूड पडलेली नाही.

2017 ला कायदा बदलला, जंगलाबाहेर लावलेला बांबू "झाड" ह्या व्याख्येतून निघाला, तेव्हापासून शेतकऱ्यांचा बांबू विकायला जीव थोडा मोकळा झाला आणि आम्हाला माल बरा मिळायला लागला. मग लॉकडाऊन. मग 2021 च्या मे मध्ये तौक्ते वादळ, शेडचे पत्रे शेजारच्या काजूत जाऊन पडले आणि तयार माल भिजला. त्या वर्षाबद्दल जास्त लिहावंसं वाटत नाही.

2022 ला पावसाळा संपता संपता वाचनालयाच्या मॅडम वर्कशॉपवर आल्या. वाचनालय, शाळा आणि बचत गट मिळून डिसेंबरात दोन दिवसांचा सांस्कृतिक महोत्सव करायचं चाललं होतं, विषय होता आशिया. मी विचारलं की मॅडम, आपल्या गावात आशिया कुठून आणणार? त्या म्हणाल्या, अगो आणायचा कशाला, घराघरात आहे. आणि खरंच की. आमच्या मोहल्ल्यात आणि वाडीत अर्ध्या घरांत कोणी ना कोणी बोटीवर होतं, कोलंबो, सिंगापूर, योकोहामा ही नावं आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. शोकेसमधे जपानी कप आहेत. आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं आहेत, बंदरात लाँचवर नेपाळी पोरं आहेत. आणि रत्नागिरीत तर ब्रह्मदेशचा राजा राहिलाय. थिबाला इंग्रजांनी 1886 ला इथे आणून ठेवलं, 1916 ला तो इथेच गेला, त्याची समाधी इथेच आहे आणि त्याची नात टूटू इथे मराठी बोलत म्हातारी झाली. आम्ही लहानपणी सहलीला जाऊन थिबा पॅलेस बघितला पण ती माणसं जेवत कशात असतील, घरात काय वापरत असतील हा विचार कधी मनात आला नव्हता.

मॅडमना आमच्याकडून फक्त कमान आणि स्टॉल हवे होते. पण त्यांनी भिंतीला लावायला जमवलेले फोटो दाखवले आणि सासूबाई चष्मा लावून ते बघत बसल्या. त्यात ब्रह्मदेशातल्या बगानच्या लाखेच्या वाडग्याचा एक फोटो होता, अर्धवट झालेला वाडगा, कारण त्या वाडग्यांच्या आत बांबूची वीण असते आणि वरून झाडाच्या काळ्या चिकाचे थरावर थर देतात. सासूबाई म्हणाल्या, "ही तर आपल्या रोवळीची वीण गो." पुढच्या फोटोत व्हिएतनामची टोपी होती, बांबूच्या बारीक कड्यांवर ताडाची पानं शिवलेली, सोळा कड्या असतात म्हणे. त्या उठल्या आणि दिराला म्हणाल्या, माळ्यावरचं इरलं खाली काढ.

त्या रात्री आम्ही घरात दुसरं काही बोललोच नाही. पाऊस पडतो, भात लावतात, बाजूला बांबू उगवतो, म्हणून माणूस बांबूची पातळ काडी काढतो आणि पानं दाबून डोक्यावर घेतो, हे तिथे पण आणि इथे पण. कोणी कोणाकडून शिकलं असेल नसेल मला माहीत नाही, पण आम्ही जे गरिबीचं म्हणून माळ्यावर टाकलं होतं ते अर्ध्या खंडात आहे हे पहिल्यांदा कळलं. दहा वर्षं मी कस्टमरला सांगत होते की आम्ही "मॉडर्न बांबू" करतो, सुपाचं नाव पण घेत नव्हते. सासूबाईंसमोर बसून ते आठवलं आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

मग कमान आणि स्टॉल राहिले बाजूला, कामच वाढलं. जावेच्या माहेरचे एक काका बोटीवरून रिटायर झालेत, त्यांनी कोलंबोत वेसाकचे, म्हणजे तिकडच्या बुद्धपौर्णिमेचे, कंदील बघितले होते, बांबूची आठ बाजूंची चौकट आणि वर पातळ कागद. त्यांनी कागदावर काढून दाखवलं आणि दीर म्हणाला काका हा आपला आकाशकंदीलच आहे, झिरमिळ्या तेवढ्या वेगळ्या. शाळेच्या मुलांनी दोन्ही केले आणि शेजारी शेजारी टांगले.

अंकलुंगने मात्र घाम काढला. हे इंडोनेशियातलं, पश्चिम जावाचं वाद्य, चौकटीत बांबूच्या दोन नळ्या टांगलेल्या असतात, हलवलं की वाजतात, युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत 2010 ला गेलंय. एका अंकलुंगमधून एकच स्वर निघतो, म्हणून एक गाणं वाजवायला आठदहा माणसं लागतात आणि प्रत्येकाने आपल्या वेळेला हलवायचं, मधे कोणी झोपलं की गाणं अडलं. मॅडमना हेच आवडलं होतं. माणगा भरीव, त्याचा इथे काही उपयोग नाही, पोकळ बांबू शोधून आणला. नळी जरा कापली की स्वर चढतो आणि कापलेलं परत जोडता येत नाही, पहिल्या तीस-पस्तीस नळ्या चुलीतच गेल्या. शेवटी गावच्या भजनी बुवांना बोलावलं, ते पेटी घेऊन वर्कशॉपमधे दोन दुपारी बसले, पेटीवर सा धरायचे, हे नळी तासायचे, बुवा मान हलवायचे, अजून, अजून, बास. सुकल्यावर स्वर परत हलले ते वेगळंच, परत बसलो. दोन दिवसांच्या कार्यक्रमात मुलांनी त्यावर एक अभंग वाजवला आणि बुवा पहिल्या रांगेत मान खाली घालून ऐकत होते.

आता झोक्याचं. नेपाळमधे दशैंला, म्हणजे आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या वेळी, गावात चार लांब बांबू पुरून त्यांची टोकं वर एकत्र बांधतात आणि मधे दोराचा झोका सोडतात, त्याला लिंगे पिंग म्हणतात. दशैंत एकदा तरी पाय जमिनीवरून सुटला पाहिजे असं मानतात. एका बागेतल्या नेपाळी दादाने हे मॅडमना सांगितलं होतं आणि मॅडमनी त्याला आमच्याकडे पाठवलं. ह्या माणसाला मी सात-आठ वर्षं येता जाता बघतेय, सगळे त्याला बहादूर म्हणतात, म्हणून मी पण बहादूर. त्या दिवशी रजिस्टरमधे लिहायचं म्हणून पहिल्यांदा नाव विचारलं. ते बहादूर नव्हतं. सात-आठ वर्षं मी ह्या माणसाला दुसऱ्याच नावाने हाक मारत होते ही गोष्ट मला अजून टोचते. त्याला न विचारता इथे नाव लिहीत नाही, पण आता आमच्याकडे सगळे त्याला त्याच्याच नावाने हाक मारतात.

मी मोठ्या अभिमानाने त्याला आमचा ट्रीट केलेला, वर्षभर सुकवलेला माल दाखवला. त्याने एक काठी उचलली, बोटाने वाजवली आणि म्हणाला, "दीदी, ये नहीं चलेगा, ये झुकेगा नहीं, टूटेगा." पिंगला ओला बांबू लागतो, लांब आणि जाड, आणि सरळ नको, मुळातूनच जरा झुकलेला हवा म्हणजे वर चारी टोकं एकमेकांकडे येतात. आम्ही दहा वर्षं सरळ काठी शोधण्यात घालवलेली. मग व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी कळक जातीच्या बांबूचं बेट होतं तिथे गेलो. कळकाला काटे, आत शिरायचं म्हणजे कोयत्याने आधी वाट काढायची, दिराचा शर्ट फाटला, ह्यांचा हात सोलला. तो मात्र बेटाभोवती दोनदा फिरला, वर बघत, काहीच बोलला नाही, मग चार काठ्यांना हात लावला, ही, ही, ही आणि ती. त्या महोत्सवाच्या आदल्या दिवशी तोडून त्याच दिवशी पुरल्या. खड्डे कमरेएवढे. टोकं बांधायला तो आणि त्याचा भाचा वर चढले तेव्हा खाली अख्खी वाडी मान वर करून उभी होती.

पहिला झोका कोणी घ्यायचा ह्यावर मॅडम म्हणाल्या बांधला त्याने घ्यावा. त्याने बायकोला पुढे केलं. ती आधी लाजली, मग बसली आणि उभी राहून जो झोका चढवला की साडीचा पदर कळकाच्या टोकाला लागेल असं वाटलं. मग आमच्या वाडीतल्या, मोहल्ल्यातल्या पोरी लाइनला लागल्या. सासूबाई पण बसल्या, दोन मिनिटं, मी मागून धरून.

बाकी महोत्सवात बरंच होतं. शाळेच्या मुलींनी फिलिपिन्सचा टिनिकलिंग केला, दोन काठ्या जमिनीवर आपटायच्या आणि मधून पाय काढत नाचायचं, काठ्या आमच्या होत्या, माणग्याच्या. मोहल्ल्यातल्या भाभींनी खाण्याचे स्टॉल लावले होते. रात्री दशावतार. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी जागा होती ती एका टेबलाची, तिथे सासूबाईंचं सूप आणि नेपाळी वहिनीचं नांग्लो शेजारी ठेवलं होतं. नांग्लो गोल असतं, आपलं सूप पुढून उघडं, काम एकच. दोघी बसून आळीपाळीने तांदूळ पाखडून दाखवत होत्या, एकीला दुसरीची भाषा येत नाही, आणि समोर कॉलेजच्या मुली व्हिडिओ काढत होत्या.

त्या महोत्सवात आम्ही फक्त मालाचे पैसे घेतले, मजुरी नाही. पण जानेवारीत आम्ही घरात बसून ठरवलं की फर्मच्या बोर्डावर पहिलं नाव सुपाचं टाकायचं, मग खुर्च्या, मग हट. आता आमच्याकडे वाडीतल्या पाच मुली विणायला येतात, सासूबाई खुर्चीवर बसून शिकवतात, त्यांची बोटं आता दुखतात म्हणून पहिल्या दोन ओळी त्या घालतात आणि पुढचं मुलींनी करायचं. इरलं परत चालू केलंय, लावणीसाठी कमी जातं हे खरं आहे, होमस्टेवाले आणि शाळा घेतात, पण दोन शेतकरी बायकांनी गेल्या जूनला स्वतः वापरायला नेली आणि कागदासारखा वारा भरत नाही म्हणून सांगितलं. प्रत्येक वस्तूबरोबर एक छोटं कार्ड देतो, त्यावर विणणारीचं नाव असतं.

हिशोब विचाराल तर अजून निम्म्याहून जास्त पैसा हट आणि कुंपणातूनच येतो, आणि सुपाला जेवढा वेळ लागतो तेवढा भाव मिळत नाही, त्यावर आम्ही अजून झगडतोय. भाव वाढवला तर ओवशाला घेणारी बाई मागे हटते आणि मला ती बाई सोडायची नाही.

परवा व्हाळावर गेलो होतो. ह्या वर्षीच्या झोक्यासाठी दोन काठ्या मिळाल्यात, झुकलेल्या, त्यांना लाल फडकी बांधून ठेवलीत म्हणजे कोणी चुकून तोडू नये. अजून दोन हव्यात, त्यासाठी तो रविवारी सुट्टी घेऊन येतोय.