अख्खं बायबल एका वर्षात? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

मी बायबल पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलंय असं कुठेतरी बोलून गेले आणि तेव्हापासून हाच प्रश्न, की मध्येच कंटाळून सोडून नाही दिलंत का? दिलं ना. दोनदा दिलं. तिसऱ्यांदा तडीला गेलं, पण तेही वर्षात नाहीच, वर वीसेक दिवस लागले.

हिशोब तसा सोपा आहे. प्रोटेस्टंट बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय, म्हणजे दिवसाला सव्वातीन. रोज तीन आणि रविवारी पाच धरले तरी वर्षात बसतं (कॅथलिक बायबलमध्ये 73 पुस्तकं, तिथे थोडं वाढवावं लागेल). फक्त अध्याय सगळे सारखे नसतात, स्तोत्र 117 दोन वचनांत संपतं आणि 119 मध्ये 176 वचनं, त्या दिवशी बाकीची कामं राहिलीच म्हणून समजा.

पहिल्या वेळी मी रॉबर्ट मरे मॅकचेन या स्कॉटिश पाळकाने 1842 मध्ये केलेला तक्ता ॲपवर घेतला. त्यात रोज चार वेगवेगळ्या ठिकाणचे भाग वाचायचे, वर्षात जुना करार एकदा आणि नवा करार नि स्तोत्रं दोनदा होतात. तक्ता चांगलाच आहे हो, पण मी तीन दिवस तापाने झोपले आणि बारा वाचनं थकली. मग ती भरून काढायची म्हणून एका रात्रीत भराभरा वाचत सुटले, सकाळी काहीएक आठवेना, आठवड्याभरात पुन्हा थकबाकी आणि मग ॲप उघडायचीच भीती वाटायला लागली. लोक लेवीय या नियमांनी भरलेल्या पुस्तकाला दोष देतात, पण माझं घोडं अडलं ते तारखांपाशी. दुसऱ्या वर्षीही तेच झालं, फक्त ताप नव्हता, आळस होता.

तिसऱ्यांदा वहीत पुस्तकांची नावं लिहिली, पुढे अध्यायांचे आकडे, वाचला की काट मारायची, तारीख कुठेच नाही. एवढंच केलं. एखाद्या दिवशी एकच अध्याय व्हायचा, रूथ मात्र चारही अध्याय एका बैठकीत.

कंटाळवाणे भाग आहेतच, नाही कशाला म्हणू? निर्गम या पुस्तकात निवासमंडप, म्हणजे उपासनेचा तंबू, कसा बांधायचा याच्या सूचना आणि मग तो तसाच बांधला याचं जवळजवळ तेच वर्णन परत. इतिहासाच्या पहिल्या पुस्तकात नऊ अध्याय बहुतेक नावंच नावं. ती मी नुसती नजरेखालून घातली, कबूल. पण न गाळता वाचल्यामुळे अशी माणसं भेटली जी एरवी कुणी सांगितली नसती. गणना या पुस्तकाच्या 27 व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली सगळ्या मंडळीसमोर उभ्या राहून म्हणतात, आमच्या बापाला मुलगा नव्हता म्हणून त्याचं नाव का पुसायचं, आम्हाला वाटा द्या, आणि देव त्यांच्या पुढाऱ्याला, मोशेला, सांगतो की मुली बरोबर बोलतायत. किंवा शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातल्या 21 व्या अध्यायातली रिस्पा. तिची दोन मुलं राजकारणात बळी दिली जातात, आणि ती खडकावर गोणपाट अंथरून हंगामाच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत बसते, दिवसा पाखरं आणि रात्री जनावरं त्या प्रेतांपासून हाकलत. अख्ख्या प्रसंगात तिच्या तोंडी एक वाक्य नाही. ते वाचल्यावर दोन दिवस मी पुढे गेलेच नाही, वहीत काट नाही, काही नाही.

आता दुसरी फेरी चालू आहे. परवा गणना 7 आला, 89 वचनांचा, पहिल्या फेरीत हाच अध्याय मी नुसता नजरेखालून घातला होता. इस्राएलच्या बारा वंशांचे बारा सरदार रोज एकेक येऊन अर्पण देतात आणि सगळ्यांचं अर्पण तंतोतंत सारखं: 130 शेकेलांचं (शेकेल हे तेव्हाचं वजनाचं माप) चांदीचं तबक, 70 शेकेलांचा कटोरा, धूपाने भरलेलं 10 शेकेलांचं सोन्याचं पात्र, मग बैल, मेंढे, कोकरं. लिहिणाऱ्याला 'बाकीच्यांनीही तेच दिलं' म्हणून मोकळं होता आलं असतं. या वेळी मोठ्याने वाचला, सहाव्या सरदारापर्यंत हसू येत होतं. बाराव्या दिवशी नफतालीचा अहीरा आला, आणि त्याचंही तबक 130 शेकेलांचं म्हणून पुन्हा सगळं पहिल्यापासून लिहिलेलं होतं.