अकराची भूक आणि कळण्याची भाकरी

साडेआठला बशीभर पोहे आणि वर गोड चहा घेऊन निघालेला माणूस अकरा वाजता कचोरीच्या गाडीपाशी सापडतो. मग सगळे त्याच्या जिभेला बोल लावतात. खरं तर घोळ साडेआठच्या बशीतच झालेला असतो.

ती बशी जरा वजनकाट्यावर ठेवू. एका माणसाला साधारण 60 ग्रॅम कोरडे पोहे लागतात आणि त्यातून प्रथिनं मिळतात चारेक ग्रॅम. तंतू फारसे नाहीत. पोहे हा आधीच शिजवून चपटा केलेला तांदूळ, त्यामुळे तो पटकन पचतो. रक्तातली साखर झपकन वर जाते, तितकीच लवकर खाली येते आणि अडीच तासांत पोट पुन्हा रिकामं वाटू लागतं. चहा-टोस्ट किंवा चहा-खारी खाणाऱ्याचं तर याहून वाईट, कारण मैदा, साखर आणि वनस्पती तूप याखेरीज त्यात काही नसतंच. प्रथिनं आणि तंतू असलेलं अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं. एक वाजेपर्यंत तग धरायचा असेल तर न्याहारीत 18 ते 20 ग्रॅम प्रथिनं आणि आठ-दहा ग्रॅम तंतू हवेत, असा ढोबळ हिशेब धरावा.

खान्देशात हा हिशेब जुळवायला बाहेरून काही आणावं लागत नाही. कळणं आहे.

एक किलो ज्वारी, पाव किलो सालासकट अख्खे काळे उडीद आणि दोन चमचे जाडं मीठ, हे झालं कळण्याचं दळण. ज्वारी दादर जातीची मिळाली तर उत्तम, तिची भाकरी गोडसर लागते. उडीद फडक्याने पुसून एक दिवस कडक उन्हात वाळवा. ओलसर राहिले तर पीठ जात्यात चिकटतं आणि डब्यात जाळी धरतं. पावसाळ्यात मीठ दळणात घालूच नका, ते ओल ओढतं. भाकरी करताना घाला. गिरणीवाल्याला बारीक दळायला सांगा आणि गव्हाच्या पाठोपाठ दळू देऊ नका. दळण पंधरा दिवसांपुरतंच आणा. पीठ जुनं झालं की ज्वारीची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते, भाकरीला कडेने चिरा पडतात आणि चव कडवट होते. मग दोष थापणाऱ्या हाताला दिला जातो, जो बहुतेक वेळा निर्दोष असतो.

काहीजण जास्त प्रथिनांच्या हौशीने उडीद वाढवतात. ज्वारीच्या निम्म्याच्या वर उडीद गेला की पीठ परातीला चिकटतं, भाकरी जड होते आणि गार झाल्यावर चिवट लागते. पोटात वातही धरतो. सवय नसेल तर पहिलं दळण पाचास एक या प्रमाणात करा.

माणशी 100 ग्रॅम पीठ घ्या, त्यात मध्यम दोन भाकरी होतात. कोमट पाणी थोडं थोडं घालत तळहाताच्या टाचेने तीन-चार मिनिटं मळा. उडदाच्या चिकटपणामुळे नुसत्या ज्वारीच्या पिठाइतकी ही भाकरी तुटत नाही, म्हणून नवशिक्यालाही जमते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवा आणि ते पूर्ण सुकायच्या आत उलटा. उशीर झाला की भाकरी तडकते आणि फुगत नाही.

या दोन भाकरींत बारा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. सोबत 20 ग्रॅम शेंगदाण्याची चटणी घेतली की पाच ग्रॅम आणि वाटीभर दह्याची तीन-चार ग्रॅम. झाले वीस. भरीत असेल तर बहारच, पण नुसत्या भरितावर भिस्त ठेवू नका. वांग्यात प्रथिनं नावालाच असतात. दही मात्र सोडू नका. रात्रीची शिळी भाकरी ताकात कुस्करली तरी चालते, उलट थंड झालेल्या भाकरीतला काही स्टार्च आणखी हळू पचतो.

भाकरीचा कंटाळा आला तर फुनके, म्हणजे तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके. तिघांसाठी 150 ग्रॅम तुरीची डाळ रात्री भिजत घाला. सकाळी पूर्ण निथळून पाणी न घालता जाडसर वाटा. त्यात चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात, लसूण, हिरवी मिरची, जिरे, मीठ आणि चमचाभर तेल घाला. मुठीने वळून तेल लावलेल्या चाळणीवर 15 ते 20 मिनिटं वाफवा. डाळ गंधासारखी बारीक वाटली तर फुनके गच्च आणि कोरडे होतात. पाणी राहिलं तर वळले जात नाहीत. माणशी अकरा ग्रॅम प्रथिनं यातून मिळतात, उरलेली दह्याच्या घट्ट कढीतून आणि वरून घेतलेल्या दाण्यांतून भरून काढा.

पोहे सोडवत नसतील तर पोहे 40 ग्रॅमवर आणा आणि त्यात 30 ग्रॅम शेंगदाणे व वाफवलेली मोड आलेली मटकी वाटीभर घाला. अंडी चालत असतील तर दोन उकडलेली पुरेत, त्यांची बारा ग्रॅम होतात. केळं आपल्याकडे उदंड, जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण एका केळ्यात प्रथिनं ग्रॅमभर, म्हणून ते न्याहारीच्या शेवटी खा, न्याहारी म्हणून नको.

एक गोष्ट वेगळी काढतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला अकराच्या सुमारास हातपाय थरथरून घाम फुटत असेल तर ती हाव नव्हे, साखर घसरलेली असू शकते. तिथे भूक दाबायची नाही. लगेच गोड काही घ्यायचं आणि डॉक्टरांना सांगायचं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनीही प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत.

न्याहारी बदलली तरी पहिला आठवडाभर अकराला पोट हाक मारेलच. रोज ज्या वेळी खातो त्या वेळेला भुकेचं संप्रेरक आपोआप वर येतं, त्याला नवी वेळ कळायला थोडे दिवस लागतात. आधी तांब्याभर पाणी प्या आणि पंधरा मिनिटं थांबा. उन्हाळ्यात पारा 44 वर गेला की कधी कधी ती तहानच निघते. तरीही राहवलं नाही तर खिशात मूठभर फुटाणे असू द्या. खारे नकोत, त्यांनी तहान लागते आणि तहानेच्या निमित्ताने चहाची टपरी गाठली की शेजारच्या कढईतली कचोरी दिसतेच.