माझा अनुभव: ‘ड्यून’चा फॅन एडिट, नऊ प्रेक्षक आणि एक फॉर्म

आधी मुद्द्याचं सांगते. फॅन एडिटवर, म्हणजे चाहत्याने हौसेने पुन्हा कापून-जोडून केलेल्या सिनेमावर, लोकांची मतं हवी असतील तर तो नेटवर चढवू नका, अगदी खासगी लिंक म्हणूनसुद्धा नाही. पेन ड्राइव्हवर घ्या, माणसांना घरी बोलवा, चहा टाका. हे मला कुणी वेळेत सांगितलं असतं तर माझा सव्वा महिना वाचला असता.

सिनेमा म्हणजे १९८४चा ‘ड्यून’, डेव्हिड लिंचचा. २०२१ आणि २०२४चे नवे भाग आल्यापासून जुन्याला नावं ठेवायची पद्धत पडली आहे, पण माझा त्याच्यावर कॉलेजपासून जीव आहे. थिएटरमध्ये तो १३७ मिनिटांचा लागला. फ्रँक हर्बर्टची एवढी मोठी कादंबरी तेवढ्यात कोंबल्यामुळे उत्तरार्ध नुसता पळतो. पुढे १९८८मध्ये अमेरिकेत टीव्हीसाठी लिंचला वगळून लांब आवृत्ती केली गेली. त्याने तिच्यावरून आपलं नाव काढायला लावलं, म्हणून तिथे दिग्दर्शक ‘अ‍ॅलन स्मिदी’ आणि पटकथाकार ‘जुडास बूथ’ अशी टोपणनावं दिसतात. स्वतःची आवृत्ती त्याने कधीच केली नाही आणि जानेवारी २०२५मध्ये तो गेला. तेव्हा जे काही आहे ते या दोन आवृत्त्यांत आहे. दोन्ही डिस्क माझ्याकडे विकत घेतलेल्या आहेत.

मी पुण्यात मालिकांचं एडिटिंग करते. कापाकापी रविवारी रविवारी बसून तीन महिन्यांत झाली, त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. लांब आवृत्तीतली जामिस या वाळवंटातल्या माणसाची नायकाशी झुंज आणि त्याचा अंत्यविधी परत घेतला, चित्रांवरचं लांबलचक निवेदन काढलं, आणि शेवटी वाळवंटात पडणारा पाऊस कापला. एकच काम जिवावर आलं, ते डोळ्यांचं. कथेतल्या वाळवंटी ग्रहावर मिळणाऱ्या ‘मसाला’ नावाच्या अमली द्रव्यामुळे तिथल्या फ्रेमेन लोकांचे डोळे निळे असतात, पण टीव्हीसाठी जोडलेल्या बऱ्याच दृश्यांत तो परिणाम केलेलाच नाही. चार सेकंदांचा शॉट म्हणजे ९६ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेममध्ये दोन डोळे. माणूस मान वळवतो तिथे बुबुळ पापणीखाली सरकतं, आणि मास्क (रंग द्यायच्या भागाभोवती आखलेली कड) एक पिक्सेल जरी चुकला तरी निळा रंग गालावर सांडतो. ते जमलं याचा मला आजही अभिमान आहे.

दोन तास एकतीस मिनिटांचा कट तयार झाला. आता मतं हवी होती. नऊ जणांची यादी केली आणि एका व्हिडिओ साइटवर ‘फक्त लिंक असलेल्यांसाठी’ म्हणून रात्री फाईल चढवायला लावली. सकाळी बघते तर व्हिडिओ सर्व देशांत बंद. आपोआप जुळणी करणाऱ्या यंत्रणेने तो ओळखला होता. ओळखला याबद्दल माझी तक्रार नाही. हक्क सिनेमाच्या कंपनीचे आहेत, आणि मला एक रुपया कमवायचा नव्हता की जगाला दाखवायचं नव्हतं. नऊ माणसं. मला वाटलं, हे कुणाला तरी सांगता येईल.

तिथे ‘कुणी’ नव्हतं. एक फॉर्म होता. त्यात आक्षेपाची चार कारणं: माझ्याकडे परवाना आहे, मजकूर माझा स्वतःचा आहे, कृती हक्कमुक्त आहे, किंवा वापर ‘फेअर यूज’ (परवानगीशिवायही चालणारा रास्त वापर) आहे. ‘खासगीत मोजक्या लोकांना दाखवून त्यांचं मत घ्यायचं आहे’ असं कारणच नाही. मी आपल्याकडच्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ काढून वाचलं. त्यात खासगी वापर, संशोधन, टीका आणि समीक्षा अशी नावं घेऊन ‘फेअर डीलिंग’ सांगितलं आहे. पण फॉर्मवरचा शब्द अमेरिकन कायद्याचा. तरी चौथ्यावर खूण केली, कारण बाकीची तीन सरळ खोटी ठरली असती.

खाली खुलाशाचा चौकोन. मी मन लावून लिहिलं: दोन्ही डिस्क माझ्या, काय कापलं, काय जोडलं, कोणाला दाखवणार, किती दिवसांत काढून टाकणार. चौकोन भरला आणि वाक्य अर्ध्यात तुटलं. मग कापत बसले. तीन महिने सिनेमा कापला, आता अर्ज कापत होते. शेवटी पूर्ण नाव टाकून सही केली. ‘दावेदाराकडे ३० दिवस आहेत,’ एवढं उत्तर आलं.

ते दिवस मला फार जड गेले. मी रोज ते पान उघडायचे. स्थिती तीच: ‘प्रतीक्षेत’. विचारायला फोन नाही. मदतीच्या पानावर प्रश्न टाकला तर मला त्याच फॉर्मची लिंक परत आली. इकडे नऊ जणांतले तिघं गळाले. एक मैत्रीण मुद्दाम कादंबरी पुन्हा वाचून तयार बसली होती, ती ऑनसाइटला गेली. उत्साह टिकवून ठेवता येत नाही. ज्याने ‘कधी पाठवतेस?’ असं दोनदा विचारलं, तो तिसऱ्यांदा विचारत नाही.

अठ्ठाविसाव्या दिवशी एक ओळ आली: दावा कायम. कारण नाही, कुणी पाहिलं त्याचा पत्ता नाही. पुढे अपील करता येत होतं, पण ते फेटाळलं गेलं तर खात्यावर शेरा बसणार होता. त्याच खात्यावर माझी शोरील (केलेल्या कामाचे नमुने) आहे, जी बघून मला कामं मिळतात. मी व्हिडिओ पुसला आणि त्या दिवशी ऑफिसात कुणाशी धड बोलले नाही. (कामाचं खातं आणि असले उद्योग कधीही एकत्र ठेवू नका. हे वर लिहायचं राहिलं.)

मग उरलेल्या सहा जणांना दोन शनिवारी घरी बोलावलं. दुसऱ्या शनिवारी आत्या बीडहून आली होती, ती यादीत नसताना बसली. पडद्याच्या कोपऱ्यात टाइमकोड (सरकती वेळ) छापून ठेवला होता. हे नक्की करा. ‘मध्ये जरा लांबलं’ या मताचा काही उपयोग नसतो, ‘एक तास बारा मिनिटांनी लांबलं’ याचा असतो. आणि ‘कसा वाटला?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. मी विचारलं, मोबाईल कधी हातात घेतलात? सहापैकी चौघांनी एकाच जागेकडे बोट दाखवलं, सम्राटाच्या दरबारातल्या बोलण्याकडे. तिथून सव्वादोन मिनिटं उडवली.

आमचा साउंडवाला दादा मनातल्या कुजबुजींवर अडून बसला. पात्रांचे विचार कुजबुजत ऐकू येतात, त्यातले निम्मे मी संवाद असतात त्या मधल्या चॅनेलचा आवाज खाली घेऊन पुसले होते. तो म्हणाला, ‘‘मधला चॅनेल बंद केलास, पण बाजूच्या चॅनेलात घुमारा राहिलाय. भूत बोलतंय असं वाटतं.’’ हेडफोन लावून ऐकलं तर खरंच. चार ठिकाणी कुजबुज परत टाकली. भाच्याने नवेच भाग पाहिलेत. तो जामिसच्या अंत्यविधीला एकदम गप्प झाला आणि म्हणाला, ‘‘मावशी, हे जुन्यातपण होतं?’’ निळे डोळे कुणालाही खटकले नाहीत, म्हणजे ते काम पक्कं झालं.

पावसावरून मात्र भांडण झालं. माझं म्हणणं साधं आहे: त्या ग्रहावरच्या महाकाय अळ्यांना पाणी म्हणजे विष, अळ्या मेल्या की मसाला संपला, मग नायकाच्या विजयाला पाऊस पाडून काय साधतं? कादंबरीच्या शेवटी पाऊस नाहीच. भाचा माझ्या बाजूने. मूळ शेवट त्यांना दाखवावा म्हणून मी जुनी डिस्क लावली. पाऊस सुरू झाला आणि आत्या पुढे सरकून बसली.

‘‘हे तू कापलंस?’’

मी अळ्यांचं सगळं समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘अळ्यांचं मला कळलं गं. पण ती माणसं बघ ना, दोन तास पाणी पाणी करतायत. मेलेल्या माणसाचंसुद्धा पाणी काढून ठेवतायत. आमच्याकडे टँकरची वाट बघितलेल्या माणसाला हा पाऊस कापवणार नाही.’’

माझ्या वहीत ती नोंद अशी आहे: २:२८:४० – आत्या – पाऊस हवा. बाकीच्या सगळ्या नोंदींवर फुली मारून झाली आहे, या एकीवर नाही. पाऊस टाकून आणि न टाकता असे दोन शेवट टाइमलाइनवर ठेवलेत. गणपतीत ती परत येणार आहे, तेव्हा दोन्ही लावून बघू.