‘बाय’ आणि आपले ‘ने’, ‘पर्यंत’

कर्मणी प्रयोग शिकताना ‘ने’ किंवा ‘कडून’ म्हणजे इंग्रजीतला ‘बाय’ (by) हे समीकरण शाळेत एकदा पाठ झाले, की ते पुन्हा तपासून पाहावे असे फारसे कुणाला वाटत नाही. मराठीची तृतीया विभक्ती मात्र उदार आहे. ‘रामाने बाणाने रावणाला मारले’ या वाक्यात मारणारा आणि मारण्याचे साधन या दोघांनाही एकच ‘ने’ लागतो. इंग्रजीत रामासाठी ‘बाय’ आणि बाणासाठी ‘विथ’ अशी वाटणी करावी लागते. ‘कट इट बाय नाइफ’ हे सर्रास ऐकू येणारे वाक्य या ‘ने’मधूनच येते. प्रवासात ‘बसने’ म्हणजे ‘बाय बस’ हे जुळते, पण वाहनाच्या नावाआधी ‘द’ किंवा ‘माय’ आले, की ‘ऑन द बस’, ‘इन माय कार’ असेच म्हणावे लागते. पायी जाणे म्हणजे ‘ऑन फूट’. ‘बाय वॉक’ हे आपल्याकडचे उत्पादन आहे.

याहून अधिक घोटाळा ‘पर्यंत’मुळे होतो. ‘शुक्रवारपर्यंत अर्ज द्या’ आणि ‘शुक्रवारपर्यंत कार्यालय बंद राहील’ या वाक्यांतला फरक मराठीत क्रियापदावरून कळतो, त्यामुळे शब्दयोगी अव्यय बदलण्याची गरज आपल्याला भासत नाही. अर्ज एकदाच द्यायचा असतो आणि शुक्रवार ही त्याची अखेरची मुदत असते, म्हणून तिथे ‘बाय फ्रायडे’. त्यात शुक्रवारही धरला जातो. कार्यालय मात्र तोवर सतत बंदच राहणार असते, म्हणून तिथे ‘टिल फ्रायडे’. वाक्यात ‘तोवर सतत’ हे शब्द घालून पाहावेत. ते शोभले तर ‘टिल’, विचित्र वाटले तर ‘बाय’. ‘आम्ही पोहोचेपर्यंत गाडी सुटली होती’ यातही सुटण्याची क्रिया एकदाच घडते, म्हणून ‘बाय द टाइम वी रीच्ड, द ट्रेन हॅड लेफ्ट’.

‘बाय’ या शब्दाचा जुना अर्थ ‘जवळ, शेजारी’ असा आहे. ‘बाय द रिव्हर’मध्ये तो टिकून आहे आणि ‘बिसाइड’, ‘बिफोर’ यांच्या आरंभीचा ‘बि’ही मुळात तोच. निरोपाच्या ‘बाय’शी त्याचे काही नाते नाही, तो ‘गॉड बी विथ यू’ची झीज होऊन आला आहे. सामना ‘पाच धावांनी’ जिंकला म्हणताना ‘बाय फाइव्ह रन्स’ बिनधास्त वापरावे, आणि ‘दहा बाय बाराची खोली’ हा प्रयोग तर कुणाला शिकवावाच लागत नाही.