मधली पिन

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे लातूर जिल्ह्यात पीक विम्याची धांदल. सेवा केंद्र चालवणाऱ्या मुलांचे लॅपटॉप, प्रिंटर, अंगठ्याची मशिनं नेमकी याच दिवसांत माझ्या दुकानात दुरुस्तीला येतात आणि प्रत्येकाला आपली वस्तू आत्ताच्या आत्ता हवी असते. त्यांचंही बरोबर आहे. दिवसा पोर्टल धड चालत नाही, म्हणून ही मुलं रात्री फॉर्म भरत बसतात. रात्री वीज गेली की सगळी भिस्त बॅटरीवर.

औसा तालुक्यातल्या एका गावाहून असाच एक तरुण आला. पिशवीतून त्यानं सात-आठ वर्षं जुना लॅपटॉप काढला, मग दोन अडॅप्टर, मग दोन बॅटऱ्या.

"ताई, चार्जिंगच होईना गेलंय. वायर काढली की बंद. एकानं बॅटरी बदलून दिली, दुसऱ्यानं अडॅप्टर दिला, आता तिसरा म्हणायलाय बोर्ड गेलं, नवीनच घ्या. अन् स्लो बी लै झालाय, फॉरमॅट मारा म्हणायलेत."

चार्जिंगच्या तक्रारी रोजच्याच. माझे कान टवकारले ते 'स्लो' या शब्दाला. विचारलं, "स्लो कधीपासून झाला?" तो म्हणाला, "चार्जिंग बंद झालं तवापासूनच."

लॅपटॉप चालू केला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत दोन-तीन ओळी आल्या आणि त्या वाचायच्या आत त्यानं सवयीनं एक बटण दाबून पुढे नेलं. पुन्हा चालू करून त्याला हात लावू दिला नाही. लिहिलं होतं: अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही, बॅटरी चार्ज होणार नाही, मशीन कमी वेगानं चालेल. त्याच्या दोन्ही तक्रारींचं उत्तर रोज सकाळी त्याच्यासमोर येत होतं. "हे तर लोकल अडॅप्टरमुळं येतंय म्हणले होते," तो म्हणाला. त्याला दोष कसा देणार? ज्यांनी पैसे घेतले त्यांनी तरी ते वाचायला हवं होतं.

या प्रकारच्या लॅपटॉपचा अडॅप्टर गोल टोकाचा असतो आणि त्याच्या बरोबर मध्ये सुईसारखी बारीक पिन असते. वीज जाते ती बाहेरच्या आणि आतल्या कड्यांतून, १९.५ व्होल्ट. मधली पिन फक्त ओळख सांगते. अडॅप्टरमध्ये एक छोटी मेमरी चिप असते, तिच्यात तो किती वॅटचा ते लिहिलेलं असतं. ती माहिती मिळाली नाही तर लॅपटॉप जपून वागतो: समोरचा अडॅप्टर कमी ताकदीचा असेल असं धरून प्रोसेसरचा वेग उतरवतो आणि बॅटरीला काही देत नाही. मल्टीमीटर लावला तर व्होल्टेज चोख दिसतं. म्हणूनच अडॅप्टर चांगला आहे, म्हणजे बॅटरी गेली, असं सरळ सांगून टाकलं जातं.

त्याचा मूळ ६५ वॅटचा अडॅप्टर दुकानातल्या तसल्याच लॅपटॉपला लावला. लगेच ओळखला गेला, चार्जिंग सुरू. मग माझा अडॅप्टर त्याच्या लॅपटॉपला लावला, तर बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, 'अनोळखी'. म्हणजे दोष लॅपटॉपच्या आत, आणि सुरुवात जॅकपासून, म्हणजे अडॅप्टरचं टोक जिथं घुसतं त्या भोकापासून.

बॅटरी काढली, स्क्रू खोलले. या मॉडेलमध्ये जॅक बोर्डवर डाग दिलेला नसतो, छोट्या केबलनं जोडलेला असतो. मीटर कंटिन्युइटीवर ठेवलं, म्हणजे तार अखंड असेल तर बीप वाजतो. एक टोक जॅकच्या मधल्या संपर्कावर आणि दुसरं केबलच्या टोकावर धरलं. बीप नाही. केबल अंगठ्यानं जराशी वाकवली, बीप आला. सोडली, गेला. बाकीच्या तारा ठणठणीत, एवढी एकच बारीक तार जॅकच्या तोंडाशी आवरणाच्या आत तुटलेली. लॅपटॉप मांडीवर, अडॅप्टर लावलेला, वायर ओढली जाते, मशीन उचलून दुसरीकडे ठेवलं जातं. जॅक असाच जातो. तीनेकशे रुपयांची केबल.

ती बदलून नवी बॅटरी घातली. संदेश गायब, ६५ वॅट दिसले, चार्जिंग सुरू. तो उठायलाच लागला होता. मी त्याला बसवलं, कारण जुनी बॅटरी खरंच गेली होती का, हे मला बघायचं होतं.

विंडोजमध्ये एका आज्ञेवर बॅटरीचा अहवाल निघतो. मूळ क्षमता किती, आता पूर्ण भरल्यावर किती, आणि मागच्या आठवड्यांची नोंदही. जुनी बॅटरी ४०,००० मिलीवॅट-तासांची, आणि चार्जिंग बंद पडायच्या आठवड्यापर्यंत ती २६,००० च्या आसपास भरत होती. म्हातारी, पण कामाची. ती नुसती उपाशी पडून होती.

आधी तिचं अंग चाचपून पाहिलं. फुगलेली असती तर लावलीच नसती. मग लॅपटॉपमध्ये घातली आणि भिंतीच्या सॉकेटला वॅटमीटर लावला. पडद्यावर ०%, आकडा हलेना. त्याचा चेहरा उतरला. मी त्याला पडदा सोडून मीटर बघायला सांगितलं. लॅपटॉप एकटा जेवढे वॅट खात होता, त्याहून किंचित जास्त दाखवत होतं, म्हणजे तेवढी वीज बॅटरीत जात होती. लिथियम सेल फार खाली उतरला असेल तर त्याला एकदम पूर्ण करंट देणं धोक्याचं, म्हणून चार्जर आधी थोडा थोडा देतो. दर सेल साधारण ३ व्होल्टला आला की मगच जोर लावतो. पुष्कळ बॅटऱ्या या टप्प्यावर 'मेल्या' म्हणून भंगारात जातात, कुणी थांबतच नाही.

आम्ही चहा मागवला. बऱ्याच वेळानं मीटरचा आकडा एकदम पन्नाशीकडे चढला आणि पडद्यावर १% आलं. "आलं की ओ ताई!" तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

शेवटी लोकल अडॅप्टर लावून पाहिला. पुन्हा तोच संदेश. त्यात ओळखीची चिपच नव्हती. मी बिलाच्या मागे लिहून दिलं: 'जॅकची केबल तुटली होती. जुनी बॅटरी चालू आहे. लोकल अडॅप्टर या लॅपटॉपला ओळखू येत नाही.' तो कागद दाखवून अडॅप्टरचे पैसे परत माग म्हटलं. नवी बॅटरी मात्र त्याला ठेवायला सांगितली. बॅटरी बाहेरून निघते, तेव्हा दोन्ही दिवसा भरून ठेवायच्या आणि वीज गेली की एक संपल्यावर लॅपटॉप बंद करून दुसरी घालायची. विम्याचे दिवस संपेपर्यंत त्याला दोन्ही लागणारच होत्या.