मांडीतला पाचवा स्नायू

सोलापुरात शरीररचनाशास्त्र शिकवताना मांडीची पाळी आली, की मी विद्यार्थ्यांना व्हास्टस लॅटरॅलिस आणि व्हास्टस इंटरमीडियस या दोन स्नायूंमधली जागा चिमट्याने सावकाश मोकळी करायला सांगते. कुणीतरी देहदान केले म्हणून हे पाहता येते, तेव्हा तिथे पाते चालवण्याची घाई मला मान्य नाही. क्वाड्रिसेप्समध्ये, म्हणजे मांडीच्या पुढच्या स्नायूगटात, चारच स्नायू, असे पाठ्यपुस्तके सांगत आली, पण २०१६ मध्ये ग्रोब आणि सहकारी संशोधकांनी या दोन व्हास्टस स्नायूंमधला टेन्सर व्हास्टस इंटरमीडियस हा वेगळा स्नायू म्हणून वर्णिला. त्याचा मांसल भाग वर असतो, तर खालची चपटी, लांब कंडरा गुडघ्याच्या वाटीच्या आतल्या बाजूपर्यंत जाते. काही देहांत मात्र तो शेजारच्या स्नायूशी इतका एकजीव झालेला असतो, की वेगळा काढणे कठीण जाते. मांडीच्या मागच्या बाजूला बायसेप्स फीमोरिस या दोन शीर्षांच्या स्नायूचे आखूड शीर्ष तर क्वचित नसतेच.