सोमवारचे आठ

सोमवार, 24 नोव्हेंबर 2025

आठ होस्ट, म्हणजे मिस्सेत अर्पण करून लोकांना द्यायच्या पातळ गोल भाकरी, मोजून ठेवले, आठही लागले. यात कसला आलाय आनंद, असं ज्याला वाटेल त्याने सॅक्रिस्टी, चर्चची उपासनेचं सामान ठेवायची खोली, कधी सांभाळलेली नाही. रविवारी दोनशेचा अंदाज दहा-वीसने चुकला तरी कुणाला पत्ता लागत नाही, उरलेले टॅबरनॅकलमध्ये, अर्पण झालेले होस्ट ठेवायच्या कपाटात, जातात. रोजच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, मात्र फादरांचा आग्रह असतो की त्या मिस्सेत जे अर्पण केलं तेच लोकांना मिळावं. म्हणून साडेसहाला दाराशी उभी राहून मी माणसं मोजते. खरं तर मोजावी लागत नाहीत. कोण नाही तेवढं बघायचं.

बाकी आजची सुरुवात चुकीनेच झाली. कालचा ख्रिस्तराजाचा सण, पांढरा रंग. पोप अकरावे पायस यांनी 1925 साली हा सण सुरू केला, त्याला यंदा शंभर वर्षं झाली, म्हणून काल जरा थाट होता. आज परत साधा सोमवार म्हणून मी हिरवा झगा काढून ठेवला. फादरांनी तो बघितला, काही न बोलता हँगरला लावला आणि कपाटातून लाल काढला. व्हिएतनामच्या हुतात्म्यांचा दिवस! एकशे सतरा जण, 1988 साली संतपदाला चढवलेले. एकशे सतरा माणसं विसरायची म्हणजे कमाल झाली.

मिस्सेनंतर कालच्या दानाची मोजणी. ही एकट्याने कधीच करायची नाही, दोघं लागतात. माझ्या जोडीचे काका नाण्यांवर नेहमी चिडतात, "हा खुर्दा कोण टाकतं?" म्हणून. मिस्सेत वाचलेलं आजचं शुभवर्तमान नेमकं गरीब विधवेच्या दोन नाण्यांचं होतं, होतं नव्हतं ते दान टाकणाऱ्या. काकांनी आज सगळी नाणी निमूटपणे मोजली. चळती लावताना एकदा फक्त माझ्याकडे बघितलं.

मंगळवार

एक उरला. तिसऱ्या बाकावरच्या आजी आल्या नाहीत. आठ वाजता निरोप आला, पहाटे न्हाणीघरात पाय घसरला. मोडला नाही, मुरगळला आहे. पंधरा दिवस बाहेर पडायचं नाही. उरलेला होस्ट टॅबरनॅकलमध्ये ठेवला गेला.

बुधवार

सात.

दहा ते बारा ऑफिसात बसले. पस्तिशीचा एक तरुण आला होता. लग्न दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत आहे, तिथल्या फादरांनी बाप्तिस्म्याचा ताजा दाखला मागितलाय. त्याच्याकडे जुना दाखला होता, लहानपणचा, प्लॅस्टिकमध्ये जपून ठेवलेला. तो का चालत नाही, हे त्याला पटेना. मलाही सुरुवातीला पटत नसे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात प्रत्येक नावापुढे समास सोडलेला असतो. पुढे त्या माणसाचं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करणारा संस्कार, झालं, लग्न झालं, तो धर्मगुरू झाला, तर जगात कुठेही झालं तरी तिथून कळवायचं आणि इथे त्याच समासात लिहायचं. म्हणजे नोंद एकाच जागी, आयुष्यभर. अशी रजिस्टरं ठेवायची सक्ती ट्रेंटच्या धर्मसभेने 1563 साली केली, तेव्हापासून जगभरच्या सॅक्रिस्ट्यांमध्ये आणि ऑफिसांमध्ये कुणी ना कुणी असा समास भरत बसलेलं आहे. लग्नाआधी ताजा दाखला मागतात तो या समासासाठी. तिथे लग्नाची नोंद नाही, म्हणजे गडी मोकळा. कोरी जागा हाच पुरावा.

नाव सापडायला पाऊण तास गेला. त्याने जन्माचं साल सांगितलं होतं आणि रजिस्टर चालतं बाप्तिस्म्याच्या क्रमाने. शेवटी पुढच्या वर्षाच्या पानांत सापडलं. दृढीकरणाची नोंद होती, बाकी समास कोरा. पण बाप्तिस्मा देणाऱ्याच्या रकान्यात फादरांचं नाव नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘रुग्णालयात, परिचारिकेने’. खाली वेगळ्या शाईत, ‘उर्वरित विधी चर्चमध्ये पूर्ण’ आणि पाच महिन्यांनंतरची तारीख.

त्याला हे ठाऊकच नव्हतं. त्याने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

"म्हणजे माझा खरा बाप्तिस्मा चर्चमध्ये झालाच नाही?"

मी सांगितलं, खरा तोच, रुग्णालयातला. बाळाच्या जिवाला धोका असेल तर कुणीही देऊ शकतं. पाणी हवं, ते ठरलेले शब्द हवेत, आणि चर्चला जे अभिप्रेत आहे तेच करायचं मनात हवं. देणारी व्यक्ती स्वतः ख्रिस्ती असायलाच हवी असंही नाही. एकदा झाला की झाला, दुसऱ्यांदा देत नाहीत. नंतर चर्चमध्ये तेल लावणं, पांढरं वस्त्र, मेणबत्ती एवढंच झालं असणार.

"त्यांचं नाव?"

नाव लिहिलेलं नव्हतं. नुसतंच ‘परिचारिका’. तो गप्प बसून राहिला, मग म्हणाला, "आईने कधी सांगितलं नाही." मी दाखला लिहिला, फादरांची सही घेतली, शिक्का मारला. जुना दाखला तो टेबलावरच विसरला होता. मागे पळत जाऊन दिला.

गुरुवार

सहा. पावसाळी हवा, खोकले.

अकराला आजींकडे कम्युनियन, म्हणजे अर्पण झालेला होस्ट, घेऊन गेले. फादरांशिवाय आम्हा तिघांना ही परवानगी आहे. होस्ट ठेवायची छोटी डबी गळ्यात अडकवायची, वाटेत कुठे थांबायचं नाही, गप्पा मारायच्या नाहीत. पहिल्या वर्षी मला हे फार अवघडल्यासारखं वाटायचं, ओळखीची माणसं हाक मारायची आणि मी नुसती मान हलवून पुढे जायची. टॅबरनॅकलमधून डबीत एक काढून घेतलेला. मंगळवारी उरलेला तो हाच, असं आपलं मी मनाशी धरलं. तसं ओळखता थोडंच येतं!

आजींनी उशाशी स्वच्छ पांढरा कपडा अंथरून त्यावर क्रूस आणि मेणबत्ती मांडून ठेवली होती. सकाळपासून तोंडात काही घातलं नव्हतं.

"आजी, नियम एकाच तासाचा आहे. तोही आजाऱ्यांना लागू नाही."

"मग मला कशाला सांगतेस? मी कुठे आजारी आहे?"

त्यांचं वय ब्याऐंशी. त्यांच्या लहानपणी मध्यरात्रीपासूनचा कडक उपास असायचा. एक तासाचा नियम 1964 चा, तो त्यांना अजून नवाच वाटतो. आम्ही प्रार्थना केली, कम्युनियन झालं, थोडा वेळ दोघी गप्प बसलो. मग त्या उशीखालून मिस्सेचं पुस्तक काढून म्हणाल्या, "मंगळवारचं वाचन बघितलंस ना? दानीएलचं?"

बायबलमधला, राजाच्या स्वप्नातला पुतळा. डोकं सोन्याचं, छाती चांदीची, पोट आणि मांड्या पितळेच्या, पाय लोखंडाचे, आणि पावलं अर्धी लोखंड, अर्धी माती.

"डोकं अजून सोन्याचंच आहे गं माझं," त्या म्हणाल्या. "पाय तेवढे मातीचे निघाले."

निघताना विचारलं, "आज किती होते?"

"सहा."

"फादरांना धरून?"

"फादरांना सोडून."

"मग ठीक," म्हणाल्या. मी दारापर्यंत पोचले तरी त्या बोटांवर मोजत होत्या, कोण कोण ते.

शुक्रवार

पाच. संध्याकाळी आराधनेचा तास, त्यात मी दोनदा पेंगले. जाऊ दे.

शनिवार

आजचा दिवस सगळा आवराआवरीत. उपासनेचं वर्ष आज दुपारी संपतं आणि नवं वर्ष संध्याकाळच्या मिस्सेलाच सुरू होतं, मध्ये चार तास. हिरवे कपडे खाली, जांभळे वर. रविवारच्या वाचनाचा ग्रंथ बदलला. तीन वर्षांचं चक्र आहे, 3 ने भागलं जाणारं साल लूकच्या शुभवर्तमानाचं, म्हणून 2025 भर लूक वाचला, आता मत्तय. लूकचा ग्रंथ कपाटात ठेवताना त्यातून एक वाळकं पान, दोन प्रार्थनापत्रकं आणि कुणाची तरी चष्म्याची काडी निघाली.

आगमनकाळाचं, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचं, कडं माळ्यावरून काढलं. तीन जांभळ्या मेणबत्त्या शाबूत, गुलाबी उन्हाळ्यात वितळून कमरेत वाकलेली. ती तिसऱ्या रविवारी लागते, म्हणजे 14 तारखेपर्यंत सवड आहे. मी गरम पाण्यात बुडवून सरळ करायचा प्रयत्न केला. आता ती दुसऱ्या बाजूला वाकली आहे.

आणि कॉयर. कॉयरने महिनाभर नवीन चालीत ग्लोरिया, मिस्सेतलं देवाच्या गौरवाचं गीत, बसवला. सुंदर बसवला, शुक्रवारी तालमीत मी बाहेरून ऐकत होते. आज फादरांनी विचारलं, हा कधी गाणार? उद्या, अर्थात! आगमनकाळात रविवारी ग्लोरिया म्हणत नाहीत, हे एवढ्या माणसांत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही, हे कबूल करते. बाई रडकुंडीला आल्या, पुरुषांनी पेटीचा भाता खाडकन बंद केला. मग कुणाला तरी सुचलं की 8 डिसेंबरला मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा मोठा सण येतो, त्या दिवशी ग्लोरिया असतो. सगळे खुलले. कॅलेंडर मी काढून बघितलं. 8 तारीख सोमवार आहे. बोलले नाही.

रविवार, 30 नोव्हेंबर

कमी पडले.

दोनशे मोजले होते, टॅबरनॅकलमध्ये वीसेक. पण नव्या वर्षाचा पहिला रविवार, धर्मशिक्षणाच्या मुलांना आज बक्षिसं होती आणि मुलांबरोबर आज्या-मावश्या सगळा गोतावळा आला. रांगेचा शेवट दिसेना. फादरांनी आधी अर्धे करायला सुरुवात केली, मग चतकोर. शेवटच्या काहींना नखाएवढा तुकडा मिळाला. तुकडा केला म्हणून काही कमी होत नाही, हे मला पाठ आहे, मीच मुलांना शिकवते. तरी बाकावर बसून कान तापले होते. प्रवचनात फादरांनी नोहाचं सांगितलं होतं, महापूर येईपर्यंत लोक खात-पीत होते आणि त्यांना कळलंच नाही. मला सारखं वाटत होतं, माझ्याकडे बघूनच सांगतायत.

बुधवारचा तरुण मागे खांबाशी उभा होता, शेजारी एक वयस्क बाई. आईच असावी. दोघंही कम्युनियनला पुढे आली नाहीत. मिस्सा संपल्यावर ती बाई बाप्तिस्म्याच्या कुंडापाशी गेली, कडेवरून हात फिरवला आणि त्याला काहीतरी सांगत राहिली, बराच वेळ. मला कपडे गोळा करायचे होते.

दुपारी चॅलिस, मिस्सेतला द्राक्षारसाचा पेला, पुसायचे कपडे धुतले. पहिलं पाणी नुसतं, साबणाशिवाय, आणि ते मोरीत ओतायचं नाही. सॅक्रिस्टीच्या मागे झाडाच्या बुंध्याशी, मातीत. त्यानंतर साबण. एका कपड्यावर लिपस्टिकचा डाग, दर महिन्याला असतो, कुणाचा ते मला माहीत आहे आणि मी कधीही सांगणार नाही. दोनदा घासूनही पुसट उरला.

संध्याकाळी आजींचा फोन. त्यांना कमी पडल्याचं कळलं होतं, कुणी कळवलं देव जाणे.

"किती ठेवले होतेस?"

"दोनशे."

"मुलांची बक्षिसं होती ना आज?"

"हो."

"मग?"

मी काय बोलणार! उद्याचे सात काढून ठेवले आहेत.